घर रिकामं करताना डंपस्टर: किती मोठा घ्यावा, काय टाकू नये?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. मध्य न्यू जर्सीतलं आमचं घर येत्या वसंतात विकायला काढतोय. मुली आपापल्या गावी स्थिरावल्या आहेत, आम्ही दोघं नॉर्थ कॅरोलायनात लहान घरात जाणार आहोत. घर १९६४ सालचं. बेसमेंट, गराज आणि माळा तिन्ही भरलेले आहेत. सासूसासरे आमच्याकडे राहायचे तेव्हाचं त्यांचं सामान, मुलींचे शाळेतले प्रोजेक्ट, दोन जुने सोफे, काचेच्या ट्यूबचा अवजड टीव्ही, रंगाचे अर्धे डबे, बंद पडलेला डीह्युमिडिफायर, मराठी पुस्तकं आणि दिवाळी अंकांची खोकी. शिवाय एक बाथरूम फोडून नवी करायची आहे आणि बेसमेंटचं कार्पेट काढायचं आहे.

दोन ठिकाणी फोन केला. एक म्हणाले २० यार्डांचा डंपस्टर, म्हणजे कचऱ्याचा तो भाड्याचा मोठा उघडा खोका, घ्या, दुसरे म्हणाले ३० शिवाय पुरणार नाही. वजनाचं काहीतरी वेगळं लागतं म्हणतात, पण नीट कोणी समजावलं नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. ड्राइव्हवे डांबरी आहे, मागच्याच वर्षी नवा केलाय, त्याचीही काळजी वाटते.

गारवा

थेट ३० घ्या. दरात फार फरक नसतो आणि जागा कमी पडली तर दुसरा मागवताना सगळा खर्च पुन्हा होतो. आमचं घर आवरताना जेवढा आणला तेवढा भरला.

रंधा

सोनचाफाताई, मी याच धंद्यात आहे, किचन-बाथरूमची कामं करतो, त्यामुळे थोडं लांब लिहितो.

यार्डाचा आकडा जागेचा आहे. एक घनयार्ड म्हणजे तीन फूट लांब, तीन रुंद, तीन उंच, २७ घनफूट. घरगुती कामाला १०, १५, २० आणि ३० यार्डांचे खोके मिळतात, ४० चा सहसा मोठ्या बांधकामावर दिसतो. २० आणि ३० ची लांबी-रुंदी बहुधा सारखीच असते, साधारण २२ बाय ८ फूट. फरक उंचीचा. २० ची भिंत साडेचार फुटांच्या आसपास, ३० ची सहा फूट. त्या सहा फुटी भिंतीवरून सोफा आत टाकायचा तर चार माणसं लागतात.

बिल मात्र वजनावर फुगतं. तुम्हाला सांगितलेल्या दरात चार गोष्टी धरलेल्या असतात: खोका आणून ठेवणं, परत नेणं, ठरावीक दिवस आणि ठरावीक टन. इथला टन २००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलो. खोका नेताना ट्रक काट्यावर चढतो, आणि ठरलेल्या टनांच्या वर जे भरेल त्याचा टनामागे वेगळा आकार लागतो. म्हणून फोनवर पहिला प्रश्न "किती यार्ड" हा नको. "या दरात किती टन, वरच्या प्रत्येक टनाला किती, जादा दिवसाला किती" हे विचारा आणि ईमेलवर लिहून घ्या.

आता तुमचं सामान. कपडे, खेळणी, लाकडी कपाटं, सोफे जागा खातात, वजन करत नाहीत. बाथरूम त्याच्या उलट. १९६४ च्या बाथरूममध्ये टाइलच्या मागे बरेचदा ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचा बोर्ड, नसतो, लोखंडी जाळीवर सिमेंटचा जाड थर असतो. हातोडा मारल्यावर जे तुकडे पडतात ते दोन्ही हातांनी उचलावे लागतात. टब बिडाचा असेल तर तो एकटाच ३०० पौंडांच्या वर जातो. तो डंपस्टरमध्ये घालूच नका. भंगारवाले इथेही आहेत, लोखंडाचे पैसे देतात किंवा निदान फुकट नेतात.

काँक्रीटचं गणित सगळ्यांनी लक्षात ठेवावं: एका घनयार्डाला सुमारे ४००० पौंड, म्हणजे दोन टन. १० यार्डांचा खोका काठोकाठ काँक्रीटने भरला तर २० टन होतील आणि खोका चढवणारा-उतरवणारा रोल-ऑफचा ट्रक तो उचलणारच नाही. म्हणून काँक्रीट, विटा, माती यांना वेगळा लहान खोका देतात आणि तोही पूर्ण भरू देत नाहीत. घरामागची फरशी किंवा पायऱ्या फोडायचा विचार असेल तर त्या या खोक्यात येणार नाहीत, आधीच सांगतो.

तळ्यातमळ्यात

रंधा यांच्या पोस्टला पूर्ण अनुमोदन. एक भर घालते, पावसाची. २२ बाय ८ चा खोका म्हणजे १७६ चौरस फूट उघडं तोंड. त्यावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे ९०० पौंड पाणी आत जातं, म्हणजे ४०० किलोच्या वर. बरंचसं दाराच्या फटीतून गळून जातं, पण कार्पेट, गादी, ड्रायवॉल आत असतील तर ते पाणी धरून ठेवतात आणि तुम्ही त्या पाण्याचे टनाच्या भावाने पैसे देता. मोठी ताडपत्री आणा, रोज संध्याकाळी झाका. कार्पेट शेवटच्या दिवशी टाका.

ताडपत्रीचा दुसरा उपयोग असा की रात्रीतून लोक स्वतःचं सामान आणून टाकत नाहीत. आमच्या गल्लीत एका घरासमोरच्या खोक्यात सकाळी चार टायर निघाले होते. टायर चालत नाहीत, त्यामुळे ते बाहेर काढून त्यांची सोय लावणं त्या घरच्यांच्याच गळ्यात पडलं.

मंजिष्ठा

सोनचाफा, तुमच्याकडे वसंतापर्यंत वेळ आहे, म्हणून कळकळीने सांगते: डंपस्टर सगळ्यात शेवटी मागवा. खोका दारात उभा राहिला की दिवसांचं भाडं डोक्यावर असतं आणि हातात येईल ते आत जातं. चांगलं टेबलसुद्धा.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे, ईपीएचे, २०१८ चे आकडे बघा. त्या एका वर्षात देशात फर्निचर आणि घरसामानाचा कचरा १.२१ कोटी टन झाला आणि त्यातला ८० टक्के थेट लँडफिलमध्ये गेला. बांधकाम-पाडकामाचा कचरा ६० कोटी टन होता, घरोघरच्या आणि दुकानांच्या रोजच्या कचऱ्याच्या दुपटीहून जास्त. आपल्या एका घराने हा आकडा हलणार नाही हे मला कळतं. पण लाकडी कपाट जमिनीत पुरण्यासाठी आपणच पैसे मोजावेत आणि तेच कपाट दोन मैलांवर कोणीतरी दुकानातून विकत आणत असावं, हे मला सहन होत नाही.

हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या सेवाभावी संस्थेची रिस्टोअर नावाची जुन्या सामानाची दुकानं फर्निचर, दारं, दिवे, किचनची कपाटं, न वापरलेल्या टाइल घेतात. मोठं सामान बऱ्याच ठिकाणी घरून नेतात, पण तारीख लवकर मिळत नाही, आताच फोन करा. शेजाऱ्यांनी एकमेकांना वस्तू फुकट द्यायच्या 'बाय नथिंग' गटात फोटो टाका. २०१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर दोन मैत्रिणींनी सुरू केलेली ही कल्पना आता जवळजवळ प्रत्येक गावात आहे. आमच्या गटात मी अर्ध्या गुंडाळलेल्या लोकरीपासून ट्रेडमिलपर्यंत सगळं गेलेलं पाहिलंय. भारतातून पहिल्यांदा शिकायला येणारी मुलं ऑगस्टमध्ये गाद्या, टेबलं, कुकर शोधत असतात. जवळ विद्यापीठ असेल तर त्यांच्या विद्यार्थी संघटनेला विचारा.

गारवा

मंजिष्ठा, तुमचं म्हणणं मनापासून पटतं, पण सगळ्यांना ते जमत नाही, हेही इथे नोंदलं जायला हवं. वडील गेले तेव्हा ओहायोतलं त्यांचं घर भाड्याचं होतं. महिनाअखेरपर्यंत रिकामं करून द्यायचं होतं, बहीण भारतात, माझी नोकरी दुसऱ्या राज्यात. बाय नथिंगवर लोक "येतो" म्हणून येत नाहीत. दोन संध्याकाळी वाट पाहण्यात गेल्या आणि मग मी खोका मागवून सगळं टाकलं. त्यांची कागदपत्रं, फोटो आणि हार्मोनियम ठेवली. आजही वाटतं, त्या वेळी तेच बरोबर होतं. शोकात असलेल्या माणसावर प्रत्येक चमच्याला नवं घर शोधायची जबाबदारी घालू नये.

मंजिष्ठा

गारवा, तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. वेळ नसेल तेव्हा खोका आणणं हाच माणसाला सांभाळणारा मार्ग आहे. सोनचाफांकडे वेळ आहे, म्हणून त्यांच्यापुरतं माझं म्हणणं कायम ठेवते.

अक्षरा

पुस्तकं कृपया टाकू नका! मराठी शाळा आणि महाराष्ट्र मंडळांची छोटी वाचनालयं असतात, आधी तिथे विचारा. लांब पाठवायची असतील तर पोस्टाची मीडिया मेल ही सोय आहे. पुस्तकांसाठी दर नेहमीच्या पार्सलपेक्षा पुष्कळ कमी पडतो, फक्त त्या खोक्यात पुस्तकांशिवाय दुसरं काही घालायचं नाही. दिवाळी अंक वर्षवार लावून यादी केली तर घेणारे चटकन मिळतात. नुसतं "जुने अंक आहेत" म्हटलं की कोणी विचारत नाही.

आणि कागदपत्रं. यावर मी जास्त बोलणार आहे.

घर विकताय, म्हणजे घरावर आजवर केलेल्या मोठ्या खर्चाच्या पावत्या हातातून सोडू नका. नवं छप्पर, खिडक्या, फर्नेस, वाढवलेली खोली हा खर्च कराच्या हिशेबात घराच्या खरेदी किमतीत मिळवता येतो. स्वतःच्या राहत्या घराच्या नफ्यावर जोडप्याला ५ लाख डॉलरपर्यंत सूट आहे, पण जुन्या घरांच्या किमती इतक्या वाढल्यात की काहींचा नफा त्याच्याही वर जातो. तेव्हा त्या पावत्या कामी येतात. बेसमेंटमधल्या "जुने कागद" लिहिलेल्या खोक्यातच त्या असतात.

दुसरं, इमिग्रेशनचे कागद. जुने व्हिसा, आय-७९७ (अर्ज मंजूर झाल्याचं सरकारी पत्र), नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, जुने भारतीय पासपोर्ट आणि ते सरेंडर केल्याचं प्रमाणपत्र. ओसीआयच्या (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डाच्या) कामात ते प्रमाणपत्र नेमकं मागतात.

जे खरंच नको ते श्रेड करा. १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विरुद्ध ग्रीनवुड या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की देशाच्या राज्यघटनेप्रमाणे रस्त्याकडेला ठेवलेल्या कचऱ्यावर आपला खासगीपणाचा हक्क उरत नाही, पोलिसांना तो उघडायला वॉरंटसुद्धा लागत नाही. चोर तर विचारतही नाहीत. बँकेची स्टेटमेंट, सोशल सिक्युरिटी नंबर असलेले जुने मेडिकल कागद उघड्या डंपस्टरमध्ये टाकणं म्हणजे ते वाऱ्यावर सोडणं. बऱ्याच काउंटी वर्षातून काही वेळा मोफत श्रेडिंगचा दिवस ठेवतात, त्याची तारीख बघून ठेवा.

सोनचाफा

सगळ्यांचे खूप आभार. अक्षरा, पावत्यांचं मला अजिबात माहीत नव्हतं, आज रात्रीच ते खोकं खाली आणते. मंजिष्ठा, रिस्टोअरला फोन केला, सोफ्यांचे फोटो मागितलेत.

एक नवीन गोष्ट निघाली आहे. हे आज कार्पेटचा कोपरा उचलून बघत होते, तर खाली चॉकलेटी रंगाच्या चौकोनी लाद्या आहेत. मोजल्या, नऊ इंच बाय नऊ इंच. एक आधीच सुटलेली होती, तिच्याखाली काळा डांबरासारखा गोंद. यांचं म्हणणं कार्पेटबरोबर त्याही खरवडून काढू आणि सगळं एकदमच टाकू. चालेल ना?

रंधा

ताई, थांबा. त्या लाद्यांना हात लावू नका, खरवडू तर मुळीच नका.

त्या काळातल्या नऊ इंची लाद्यांमध्ये आणि त्या काळ्या गोंदात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता खूप मोठी असते. लादी अखंड आहे तोवर तंतू आत बांधलेले असतात आणि धोका कमी असतो. फोडली, घासली, सँडरने तासली की ते हवेत जातात आणि फुप्फुसात बसतात. एक तुकडा लॅबमध्ये तपासून घ्या, तपासणी महाग नसते. नमुना घ्यायला माणूस बोलवा, किंवा लॅबच्या सूचनेप्रमाणे जागा ओली करून सुटलेल्या लादीचाच तुकडा पिशवीत बंद करून द्या. झाडू मारू नका, साधा व्हॅक्यूम लावू नका.

ॲस्बेस्टॉस निघालं तर ते कुठल्याही साध्या डंपस्टरमध्ये चालत नाही. भाड्याच्या करारात तशी स्पष्ट ओळ असते. सापडलं तर अख्खा खोका नाकारला जाऊ शकतो आणि पुढचा सगळा खर्च तुमच्यावर येतो.

पण काढलंच पाहिजे असंही नाही. लाद्या चांगल्या स्थितीत असतील तर त्या तशाच ठेवून वर खिळे-गोंद न लागणारी तरंगती फरशी घालतात. ही नेहमीची आणि मान्य पद्धत आहे. घर विकताना ती माहिती खरेदीदाराला द्यायची, एवढंच. कार्पेट काढताना कडेच्या खिळ्यांच्या पट्ट्या उपटल्या की लाद्या तडकतात, म्हणून ते कामही निकाल येईपर्यंत थांबवा.

माळ्यावरही एकदा बघून घ्या. इन्सुलेशन गुलाबी किंवा पिवळ्या कापसासारखं असेल तर ठीक. राखाडी-सोनेरी चकाकणारे खडे पसरलेले दिसले तर ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं. अमेरिकेतलं पुष्कळसं व्हर्मिक्युलाइट माँटानातल्या लिबीच्या खाणीतून यायचं आणि त्यात ॲस्बेस्टॉस मिसळलेलं होतं. ती खाण १९९० मध्ये बंद झाली, पण माळ्यांवरचा माल अजून तिथेच आहे. तसं दिसलं तर माळ्यावरची खोकी ओढू नका, आधी माणूस बोलवा.

आणि १९७८ च्या आधीचं घर म्हणजे रंगात शिसं असू शकतं. बाथरूम फोडणारा कंत्राटदार शिशाच्या कामाचं ईपीएचं प्रमाणपत्र असलेलाच घ्या. २०१० पासून ते बंधनकारक आहे.

सोनचाफा

वाचून हात थंड पडले. यांना दाखवलं, काम थांबवलंय. उद्याच लॅबला फोन करते. धन्यवाद हा शब्द पुरणार नाही.

तळ्यातमळ्यात

बरं झालं विचारलंत.

काय टाकायचं नाही, या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून राहिलंय. न्यू जर्सीत १ जानेवारी २०११ पासून टीव्ही, मॉनिटर, कॉम्प्युटर, लॅपटॉप कचऱ्यात टाकायला कायद्याने बंदी आहे. तो ट्यूबचा टीव्ही तुमच्या टाऊनशिपच्या ई-कचरा केंद्रावर न्यावा लागेल. डीह्युमिडिफायरमध्ये फ्रिजसारखाच गॅस असतो, तो आधी काढून घ्यावा लागतो, म्हणून तोही खोक्यात नाही. जुना फ्रिज चालू असेल तर आधी वीज कंपनीला विचारा, काही कंपन्या घरून नेतात आणि वर थोडे पैसेही देतात.

रंगाचे डबे दोन प्रकारचे असतात. पाण्यातला लेटेक्स रंग झाकण काढून वाळू द्यायचा, जास्त असेल तर मांजराची माती (कॅट लिटर) मिसळायची, घट्ट झाला की रोजच्या कचऱ्यात जातो. तेलाचा रंग, थिनर, कीटकनाशक, गराजमधलं जुनं पेट्रोल काउंटीच्या घातक कचऱ्याच्या दिवशी. हे दिवस मोजकेच असतात, घर विकण्याच्या तारखेआधी कुठला येतो ते आताच कॅलेंडरवर लिहा.

सगळ्यात जास्त लक्ष बॅटरीवर हवं. मुलींची जुनी खेळणी, पडून असलेले जुने फोन, कॉर्डलेस ड्रिल, यातली लिथियम बॅटरी ट्रकमध्ये दाबली गेली की पेट घेते. आग लागते तेव्हा तिथे काम करणारा माणूस असतो. प्रत्येक खेळण्याची बॅटरी काढून बघा.

आयडा वादळाच्या पुरानंतर, २०२१ च्या सप्टेंबरमध्ये, आम्ही इथल्या मॅनव्हिल गावाच्या बाजूला मदतीला जात होतो. रॅरिटन आणि मिलस्टोन या नद्या तिथे मिळतात, घरंच्या घरं पहिल्या मजल्यापर्यंत भिजली होती. लोक घाईने सगळं बाहेर काढत होते आणि विम्यासाठी फोटो काढायचं राहून जात होतं. पुराचा विमा असलेल्यांनी टाकण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो, मॉडेल नंबर आणि कार्पेटचा एक तुकडा ठेवायचा असतो. ज्यांची बेसमेंट कधीही भिजू शकते त्यांनी हे वाचून ठेवावं. ४८ तासांत न वाळलेला ड्रायवॉल किंवा गादी वाचवायच्या भानगडीत पडू नका, बुरशी धरते.

थेम्सकाठ

आमच्याकडे इंग्लंडमध्ये याला स्किप म्हणतात आणि खोके लहान असतात, घरगुती कामाला ४, ६, ८ यार्डांचे. रस्त्यावर ठेवायचा तर कौन्सिलचं परमिट आणि रात्री दिवे लागतात. वाचणाऱ्यांपैकी कोणी इकडे असेल तर दोन गोष्टी. २०२३ च्या जानेवारीपासून सोफा, आरामखुर्ची असं गादीचं बसायचं सामान लँडफिलमध्ये चालत नाही, कारण जुन्या कापडात आणि फोममध्ये आग रोखणारी घातक रसायनं असतात. ते वेगळं काढून जाळावं लागतं, म्हणून स्किपवाले नाकारतात किंवा जादा घेतात. आणि प्लास्टरबोर्ड, म्हणजे तुमचा ड्रायवॉल, वेगळा ठेवायचा. जिप्सम ओल्या कचऱ्याबरोबर पुरलं की त्यातून विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो.

पर्वतीपायथा

पुण्यातून वाचतोय. आमच्या सोसायटीत सध्या दोन फ्लॅटचं नूतनीकरण चालू आहे, त्यामुळे हा धागा जवळचा वाटला. इथे घरातलं सामान संपवणं सोपं आहे, रद्दीवाला आणि भंगारवाला दारात येतात, उरलेलं कामवाल्या ताई किंवा वॉचमन विचारून नेतात. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई जे वेगळं करतात ते पाहून मी स्वतः वर्गीकरण शिकलो. पण राडारोडा? ठेकेदार म्हणतो "टेम्पो लावतो, तुम्ही काळजी करू नका", आणि तो टेम्पो बरेचदा टेकडीच्या उतारावर नाहीतर नदीपात्रात रिकामा होतो. बांधकाम-पाडकाम कचऱ्याचे नियम २०१६ पासून आहेत, तरी मुठेच्या काठाने चाललं की टाइलचे तुकडे दिसतातच. आता मी ठेकेदाराला आधीच विचारतो की टेम्पो कुठे जाणार, आणि महापालिकेच्या केंद्राची पावती दिल्याशिवाय शेवटचा हप्ता देत नाही. तुमच्याकडे काट्यावर वजन होऊन पावती मिळते हे वाचून वाटलं, इथेही हे व्हायलाच हवं.

अक्षरा

पर्वतीपायथा, पावतीची अट फार चांगली. आमच्या बाणेरच्या फ्लॅटच्या कामाला लावते.

सोनचाफा

लॅबचा निकाल आला. लाद्यांमध्ये ॲस्बेस्टॉस आहे, गोंदातही. लाद्या तशाच राहणार, वर तरंगती फरशी येईल, कार्पेट अनुभवी माणूस जपून काढणार. माळ्यावर गुलाबी कापूस आहे, देवाची कृपा.

सोफे आणि जेवणाचं टेबल रिस्टोअर नेणार आहे. पुस्तकं मराठी शाळेने मागितली. सासूबाईंच्या देवघरातल्या पितळी मूर्ती दोन्ही मुली वाटून घेतील. देवांच्या फ्रेम मात्र खोक्यात टाकायला हात धजत नाही. आमच्या गुरुजींनी सांगितलं, काच आणि चौकट वेगळी करा, चित्र बागेत मातीत द्या. तसं करणार आहोत, उन्हाळ्यात तिथे नवे मालक फुलं लावतील.

आता जे उरतंय ते पाहून २० ची गरज वाटत नाही. रंधा, १५ पुरेल का? आणि ड्राइव्हवे?

रंधा

१५ पुरेल. बाथरूमचा मलबा कंत्राटदाराच्या करारात त्याने न्यायचा असं लिहून घ्या, म्हणजे तुमचा खोका हलका राहील. पुठ्ठा घालू नका, न्यू जर्सीत १९८७ च्या कायद्यापासून पुनर्वापराचं सामान वेगळं देणं बंधनकारक आहे आणि पुठ्ठा तसाही नुसती जागा अडवतो.

ड्राइव्हवेसाठी: खोक्याच्या मागे पोलादी रोलर असतात, ट्रक आपली सपाट पाठ तिरकी करून खोका खाली सोडतो तेव्हा सगळा भार त्या दोन ठिकाणी येतो. तिथे जाड प्लायवूड किंवा दोन-बाय-दहा इंची फळ्या ठेवा, आणि हे ड्रायव्हरला आल्या आल्या सांगा, नंतर नाही. नवं डांबर उन्हाळ्यात मऊ पडतं, तुम्ही मार्च-एप्रिलमध्येच उरकताय ते चांगलं. ट्रकला समोर साधारण ६० फूट सरळ जागा लागते, वर तारा आणि फांद्या नकोत. गराजचं दार अडणार नाही अशी जागा खडूने आखून ठेवा. रस्त्यावर ठेवायचा झाला तर टाऊनशिपचं परमिट काढा.

भरताना मागचं दार उघडून चालत आत जा. जड आणि सपाट सामान तळाला, दोन्ही टोकांना सारखं. कपाटं सुटी करा, नाहीतर पोकळ पेट्यांनीच खोका भरतो. काठाच्या वर काहीही येता कामा नये, ताडपत्री न बसणारा खोका ड्रायव्हर उचलत नाही आणि फेरीचे पैसे लागतात. दाराची कडी लावली की एकदा हाताने ओढून बघा.

वळचण

मागून प्रश्न विचारते, माफ करा. आमचं टाउनहाऊस आहे, स्वतंत्र ड्राइव्हवे नाही आणि असोसिएशन डंपस्टर ठेवू देत नाही. फक्त एक खोलीभर सामान आहे. काय करता येईल?

रंधा

वेस्ट मॅनेजमेंटची बॅगस्टर नावाची पिशवी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ८ बाय ४ फूट, अडीच फूट उंच, तीन यार्ड आणि ३३०० पौंडांपर्यंत. भरून झाली की ऑनलाइन नोंदवायचं, क्रेनचा ट्रक येऊन उचलतो, त्याचे पैसे वेगळे. असोसिएशनला आधी ईमेलने विचारा, बऱ्याच ठिकाणी एक-दोन दिवसांची परवानगी देतात. पिशवी रस्त्याजवळ, क्रेनचा हात पोचेल अशा ठिकाणी आधी उलगडा आणि मगच भरा, भरल्यावर ती जागची हलत नाही. वर तार असेल तर ती जागा सोडा.